डाळ्याची चटणी आणि अंगावरचं पित्त

टेमघरचा घाट चढून पलीकडं उतरलं की वरसगाव धरणाच्या पाण्याच्या वरच्या टोकाला दासवे लागतं. लवासाचा हा मध्यभाग. इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती, पाण्याकाठचा फरसबंद रस्ता, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या थांबतात तिथं भजी, वडापाव, भाजलेली कणसं. अशाच एका टपरीपाशी मी एक छोटा संवाद ऐकला. परदेशातून सुट्टीवर आलेली एक आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन विचारत होती, "मावशी, ह्या चटणीत दाण्याचं कूट आहे का?" टपरीवरल्या बाई म्हणाल्या, "नाही ताई, नुसतं डाळं अन् मिरची. दाणे नाहीत." आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शेजारी बाकावर बसलेल्या आजी मात्र पुटपुटल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

लहान मुलांच्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा सगळा प्रश्न ह्या तीन वाक्यांत बसतो, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. आईची भीती खरी होती. टपरीवरल्या बाईंचं उत्तर प्रामाणिक होतं. आणि आजींचं वाक्य? ते तपासून पाहण्यासारखं आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. एखादा पदार्थ खाऊन मुलाला त्रास झाला की आपण सरसकट 'बाधलं', 'सोसलं नाही', 'पचलं नाही' म्हणतो. अ‍ॅलर्जी ही त्यातली एक वेगळी गोष्ट आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था दुधातल्या, अंड्यातल्या, दाण्यातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करते, आणि पुढच्या वेळी तो घास पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोन-एक तासांत, हिस्टामिनसारखी रसायनं एकदम सुटतात. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं हे बहुतेक वेळा दुधातली साखर न पचल्यामुळं होतं. त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. हा फरक न कळल्यानं आपल्याकडं दोन्ही बाजूंनी चुका होतात. साखर न पचणाऱ्या मुलाचं दूध, दही, ताक सगळं आयुष्यभर तोडलं जातं. आणि ज्या बाळाला गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी आहे त्याला 'शेळीचं दूध हलकं' म्हणून शेळीचं दूध पाजलं जातं, जे धोक्याचं आहे. कारण दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईचं दूध न चालणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचंही चालत नाही.

आता आजींच्या वाक्याकडं. मराठी घरांत 'अंगावर पित्त उठणं' हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी प्यायचं, अंगाला लावायचं, घोंगडी पांघरून बसायचं. आयुर्वेदात याला शीतपित्त म्हणत आले. गांधी उठण्याची कारणं अनेक असतात. लहान मुलांत तर साध्या सर्दीतापानंही उठतात. पण कोळंबी खाल्ल्यावर दर वेळी 'पित्त उठणारी' आत्या, वांगं खाल्लं की घसा खाजवणारे काका प्रत्येक घराण्यात सापडतात. त्यांना नाव नव्हतं, वही नव्हती, तपासणी नव्हती. तेव्हा 'असलं काही नव्हतं' हे अर्धंच खरं. नाव नव्हतं. आजार किती होता, हे मोजलेलं नव्हतं.

मोजण्याचं एक सुरुवातीचं काम आपल्याकडं झालं ते मुंबईत, आणि मराठी संशोधकांच्या हातून. डॉ. प्रमोद निफाडकर, पाटील आणि बापट या तिघांनी १९९२मध्ये 'अ‍ॅलर्जी' या युरोपीय नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं शीर्षकातच होतं: भारतातलं सर्वांत महत्त्वाचं अन्न-अ‍ॅलर्जन म्हणजे कडधान्यं. १९९७मध्ये त्यांनी हरभऱ्यामुळं येणाऱ्या तीव्र, जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रियेबद्दल लिहिलं, आणि २००१मध्ये अमेरिकी नियतकालिकात हरभरा हे भारतीय उपखंडातलं एक प्रमुख अ‍ॅलर्जन आहे हे रुग्णांच्या तपासण्या आणि प्रथिनांचं विश्लेषण यांच्या आधारे मांडलं. ज्या काळात जगभरची पाठ्यपुस्तकं दूध, अंडी, शेंगदाणे, गहू, सोया, मासे, कवचातले जलचर आणि अक्रोड-बदाम या आठांची यादी घोकत होती, त्या काळात मुंबईतले तिघे जण आपल्या रुग्णाच्या ताटात काय आहे ते बघत होते. पिठलं, झुणका, भजी, पुरणपोळी, शेव, ढोकळा, बेसनाचे लाडू. मराठी मुलाच्या आयुष्यात हरभरा किती वाटांनी येतो हे युरोपातल्या यादीला कसं ठाऊक असणार? मला हे काम फार मोलाचं वाटतं. त्याची आपल्याकडं जितकी आठवण ठेवायला हवी होती तितकी ठेवली गेली नाही, याचं वाईटही वाटतं.

टपरीवरल्या बाईंनी 'नुसतं डाळं' म्हटलं तेव्हा मला म्हणूनच चपापायला झालं. डाळं म्हणजे भाजलेला हरभरा. त्या आईला शेंगदाणा टाळायचा होता, तिला उत्तर मिळालं. पण शेजारच्या टेबलावर हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल असतं, तर वडा, चटणी आणि भजी तिन्ही त्याच्यासाठी धोक्याचे होते, आणि 'यात हरभरा आहे का?' असं विचारण्याची आपल्याकडं कुणाला सवयच नाही.

मुंबईच्या दक्षिणेला याच काळात आणखी दोन कामं झाली, तीही इथल्या ताटाला धरून. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शांती आणि सुब्बा राव यांच्या गटानं १९९३मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या कोळंबीतलं मुख्य अ‍ॅलर्जन कोणतं हे शोधलं: ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन. नंतर उघड झालं की हेच प्रथिन थोड्याफार फरकानं झुरळांत आणि गादीतल्या धूळकिड्यांतही असतं. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत हरीश बाबू आणि व्यंकटेश यांनी २००८मध्ये वांग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ७४१ जणांपैकी ९.२ टक्के लोकांच्या चाचणीत वांग्याबद्दलची संवेदनशीलता आढळली. 'वांगं खाजवतं' हे आजीबाईंचं म्हणणं प्रयोगशाळेत शिरलं ते असं.

इथं 'संवेदनशीलता' या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण आजच्या पालकांची सर्वांत मोठी फसगत याच शब्दापाशी होते. मैसूरच्या जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. पी. ए. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय संघाच्या 'युरोप्रीव्हॉल' प्रकल्पाखाली कर्नाटकातल्या प्रौढांचा मोठा अभ्यास केला. २०१६मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. पण ज्यांना ते अन्न खाऊन खरोखर त्रास होतो, म्हणजे बहुधा अ‍ॅलर्जी आहे, असे फक्त १.२ टक्के निघाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चाचणीत रेष उमटलेल्या वीस-बावीस माणसांमागं एखाद्यालाच आजार. बाकीचे ते पदार्थ आरामात खातात. कारणं अनेक: धूळकिड्यांशी झालेली ओळख कोळंबीच्या चाचणीत उमटते, परागकणांशी झालेली ओळख शेंगदाण्याच्या चाचणीत उमटते.

आणि आपल्याकडं काय चालतं? मुलाला इसब आहे, सर्दी हटत नाही, म्हणून पन्नास-शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली जाते. अहवालात वीस पदार्थांपुढं तारे असतात. घरी आल्यावर दूध बंद, गहू बंद, तूर बंद, अंडं बंद, टोमॅटो बंद. वाढीच्या वयातलं मूल भात आणि दुधी भोपळ्यावर येतं. काही ठिकाणी तर 'आयजीजी' प्रतिपिंडांची चाचणी विकली जाते. ती प्रतिपिंडं आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्ध निरोगी माणसातही असतात, अ‍ॅलर्जीच्या निदानात त्यांना काहीही अर्थ नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीची दोन वर्षं अशा अहवालाच्या पथ्यात गेली. तिचं वजन थांबलं, शाळेच्या डब्याची तिला लाज वाटू लागली. शेवटी एका जाणत्या बालरोगतज्ज्ञानं साधा प्रश्न विचारला: "हे पदार्थ तिनं खाल्ले तेव्हा नेमकं काय झालं होतं?" घरातल्या कुणाकडंच उत्तर नव्हतं. दवाखान्यात देखरेखीखाली एकेक पदार्थ खाऊ घातला. सगळे पचले.

हेच निदानाचं सोनं आहे: दवाखान्यात, उपचाराची तयारी ठेवून, थोडं थोडं वाढवत खाऊ घालून बघणं. अमेरिकेत चार्ल्स मे यांनी १९७०च्या दशकात हे शास्त्रशुद्ध केलं. डॉक्टरलाही ठाऊक नसतं आणि रुग्णालाही नसतं की आज दिलेल्या पुडीत दाण्याचं पीठ आहे की नुसतंच साधं पीठ. त्यापूर्वी निदान बरंचसं सांगोवांगीवर चालायचं. ही पद्धत वेळखाऊ आहे, खाट अडते, डॉक्टरला शेजारी बसावं लागतं. रक्त काढून यंत्रात घालणं सोपं. म्हणून तारे लावलेले अहवाल खपतात.

लहान मुलांपुरतं बोलायचं तर त्याच युरोपीय प्रकल्पात शाळकरी वयाची मुलं चीन, रशिया आणि भारतात तपासली गेली. २०२०मध्ये निकाल आले. संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचं प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५ टक्के, तर भारतातल्या केंद्रात ०.१४ टक्के. हजारात जेमतेम एक-दोन मुलं. त्याउलट ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या 'हेल्थनट्स' अभ्यासात पाच हजारांहून अधिक तान्ह्या मुलांची त्वचेची चाचणी घेऊन, ती होकारार्थी आलेल्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिलं, तेव्हा वर्षाच्या बाळांपैकी दहा टक्क्यांहून जास्त मुलांना कशाची ना कशाची अ‍ॅलर्जी निघाली. कच्च्या अंड्याची जवळजवळ नऊ टक्क्यांना, शेंगदाण्याची तीन टक्क्यांना. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करणं बरोबर नाही. दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत आपोआप जाते, त्यामुळं शाळकरी मुलांत ती फारशी सापडणार नाही. तरीही दरी एवढी मोठी आहे की ती नुसत्या वयानं भरून निघत नाही. आजी अर्ध्या बरोबर होत्या ते इथं.

मग ही दरी कशामुळं? गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं सगळ्यांत रंजक संशोधन या प्रश्नाभोवती झालं आहे, आणि त्याचा नायक लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक आहे. त्या वेळी ब्रिटन-अमेरिकेतले अधिकृत सल्ले स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये १९९८ला आणि अमेरिकेत २०००साली तज्ज्ञांनी सांगितलं होतं की घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर मुलाला तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. आणि त्याच वर्षांत तिकडं शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढतच चालली होती. लॅक एकदा इस्राएलमधल्या डॉक्टरांपुढं बोलत होते. तुमच्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल पाहिलं, असं त्यांनी विचारलं, तर मोजकेच हात वर झाले. लंडनमध्ये सगळ्यांचे झाले असते. २००८मध्ये त्यांच्या गटानं दोन देशांतल्या ज्यू मुलांची तुलना छापली: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्राएलमध्ये ०.१७ टक्के. वंश सारखा, फरक दहापट. इस्राएलमधली बाळं सात-आठ महिन्यांपासून 'बाम्बा' नावाचा, मक्याच्या फुग्यांना शेंगदाणा लावलेला खाऊ चघळत होती.

नुसत्या तुलनेवर कुणी सल्ला बदलत नाही. म्हणून लॅक यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती, म्हणजे जोखमीची बाळं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण वर्ज्य, दुसऱ्याला आठवड्याला सहा ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे साधारण चोवीस ग्रॅम दाणे, पिठाच्या किंवा लगद्याच्या रूपात. २०१५मध्ये निकाल आला. सुरुवातीला त्वचेची चाचणी नकारार्थी असलेल्या मुलांत, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. चाचणी किंचित होकारार्थी असलेल्यांत ३५.३ विरुद्ध १०.६. वर्षानुवर्षं जे काळजीपोटी सांगितलं गेलं त्यानंच बऱ्याच मुलांचं नुकसान झालं असणार. वैद्यकानं हे मान्य केलं, सल्ला उलटा फिरवला. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत आदर वाटतो तो याचा. जपानमध्ये २०१७साली इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड देऊन असाच प्रयोग झाला. अ‍ॅलर्जी ८ टक्क्यांवर आली, न दिलेल्यांत ३८ टक्के होती. परिणाम इतका ढळढळीत की प्रयोग मध्येच थांबवला.

मराठी घरासाठी यातून काय घ्यायचं? सहाव्या महिन्यात उष्टावण होतं, तोवर फक्त आईचं दूध. ही आपली रीत आणि आजचा सल्ला इथं एकमेकांना छेदत नाहीत. त्यानंतर मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व यांच्याबरोबर दाण्याचं बारीक कूट पेजेत कालवून, घरात चालत असेल तर शिजवलेलं अंडं, डाळी, गहू, तीळ हे वर्षाच्या आत बाळाच्या तोंडी लागू द्यावं, आणि एकदा लागलं की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावं. अख्खा दाणा कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा एखाद्या पदार्थानं आधीच गांधी उठल्या असतील, तर पहिला घास डॉक्टरला विचारून. मी ही खात्रीची तटबंदी आहे असं म्हणत नाही. ऑस्ट्रेलियानं २०१६नंतर नवा सल्ला देशभर नेला, दाणे लवकर खाणाऱ्या बाळांची संख्या खूप वाढली, तरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ३.१ वरून २.६ टक्क्यांवरच आली. कारण घास हे एकच दार नाही.

दुसरं दार त्वचेचं. लॅक यांचंच म्हणणं असं की अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर शरीर ते आपलंसं करतं. फुटलेल्या, इसबाच्या त्वचेवाटे झाली तर त्याला शत्रू ठरवतं. २००३मध्ये त्यांनी दाखवलं होतं की शेंगदाणा-तेल असलेली मलमं ज्या इसबाच्या बाळांना लावली गेली त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती. जपानमध्ये तर एका चेहऱ्याच्या साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलं होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. आयुष्यभर गहू खाल्लेली माणसं ती. २०२१मध्ये लंडनच्याच गटानं नोंदवलं की तान्हेपणी ज्यांच्या अंगाला वारंवार तेल-मलम चोळलं गेलं त्या मुलांत अन्नाची अ‍ॅलर्जी जास्त आढळली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आपल्या घरातली बाळाची अंघोळ आली. मालिश, मग डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचं उटणं, लव जावी म्हणून पिठाच्या गोळ्यानं चोळणं. हरभरा आपल्या बाळाच्या पोटात जाण्याआधी त्याच्या कातडीवर जातो. मुंबईत हरभरा हे प्रमुख अ‍ॅलर्जन निघावं याचा याच्याशी काही संबंध असेल का? बहुतेक बाळांची त्वचा धड असते, त्यांना या उटण्यानं काही झालेलं नाही, हे आपण पिढ्या पाहत आलो. पण इसबानं फुटलेल्या त्वचेवर कच्चं बेसन चोळणं थांबवावं, इतकं सांगायला आज हाती असलेलं ज्ञान पुरेसं आहे. पुढचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनी हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तो लंडनमध्ये कुणाला सुचणार नाही.

त्या टपरीवरल्या आईसारख्या परदेशस्थ कुटुंबांची गोष्ट या दोन्ही दारांच्या पलीकडं जाते. मेलबर्नच्याच अभ्यासात आशियात जन्मलेल्या आईवडलांच्या, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाळांना शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा धोका स्थानिक आईवडलांच्या बाळांच्या सुमारे तिप्पट निघाला. त्यांत पूर्व आशियातली कुटुंबं अधिक होती. आणि जी मुलं आशियात जन्मून नंतर तिकडं गेली, त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी कमी. रक्त तेच, पहिली वर्षं कुठं गेली याचा फरक. बर्मिंगहॅममध्येही दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत तीव्र प्रतिक्रिया जास्त नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा 'आपल्या लोकांना हे होत नाही' असं कुणी म्हणू नये. आपल्या लोकांना ते सहज होऊ शकतं. इथल्या मातीत, इथल्या पहिल्या वर्षात असं काहीतरी आहे जे आजवर वाचवत आलं.

आणि इथंच लवासा मला नुसतं फिरायला जायचं ठिकाण वाटत नाही. मुळशी तालुक्यातल्या मोसे खोऱ्यात दासवे, मुगाव, धामणओहोळ अशी जुनी गावं आहेत. भातखाचरं, नाचणी-वरी, गोठ्यातली गुरं, शेणानं सारवलेली जमीन, धनगर-कातकऱ्यांच्या वस्त्या. त्यांच्या मधोमध एक आखीव नगर उभं राहिलं, २०१०मध्ये पर्यावरणाच्या नोटिशीनं थबकलं, २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण वस्ती राहिली, महाविद्यालय राहिलं, पर्यटक येत राहिले. एकाच पावसात, एकाच हवेत, दोन-चार किलोमीटरच्या अंतरावर दोन बालपणं वाढताहेत: एक गोठ्याशेजारचं, एक बंद खिडक्यांच्या घरातलं, पुडीतल्या खाऊचं. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी नेमकी अशी तुलना केली. एक ते तीन वर्षांच्या मुलांना प्रत्यक्ष खाऊ घालून तपासलं, तेव्हा केपटाउन शहरात २.५ टक्के आणि पूर्व केपच्या खेड्यांत ०.५ टक्के मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी निघाली. २०१९मध्ये ते छापून आलं. गुरांचा सहवास, जमिनीतले जंतू, घरचं दूध, कमी प्रतिजैविकं, यांतलं नेमकं काय राखतं यावर वाद आहे. पण खेड्यातलं काहीतरी राखतं यावर फारसा नाही.

ही तुलना मुळशीत व्हायला हवी, आणि ती करायची क्षमता पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या आहारापासून सुरुवात करून मुलांचा माग ठेवला. आईच्या आहाराचा मुलाच्या पुढच्या मधुमेहाशी काय संबंध, हे जगाला त्यातून कळलं. शिरूर तालुक्यातल्या वढूला त्याच संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. दमा आणि अ‍ॅलर्जीच्या जागतिक 'आयझॅक' पाहणीत पुणे आणि अकोला ही केंद्रं होती. त्यात मुलांना शिंका, घरघर, इसब यांबद्दल विचारलं गेलं, खाऊ घालून कुणाला तपासलं नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेल्या डॉ. रुबी पवनकर टोकियोत अ‍ॅलर्जीच्या प्राध्यापक झाल्या आणि २०१२-१३मध्ये जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या अध्यक्ष होत्या. माणसं आहेत, रीत आहे, गावं आहेत. ताम्हिणी उतरून माणगावच्या पुढं महाड लागतं, तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी एका ग्रामीण दवाखान्यातून विंचूदंशावरचा उपचार बदलून टाकला आणि 'लॅन्सेट'ला तो छापावा लागला. त्यांनी आपल्या दारातला आजार पाहिला होता, इतकंच. पण घाई करायला हवी. गोठे कमी होताहेत, मुगावच्या दुकानातही आता पुडीतला खाऊ लोंबतो. दहा वर्षांनी तुलना करायला दुसरी बाजू उरणार नाही.

उपचाराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं नव्यापेक्षा जुनंच जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेत २०२०मध्ये शेंगदाण्याची मोजून दिलेली पूड आणि २०२४मध्ये ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजूर झालं. दोन्हींनी चुकून गेलेला घास सोसण्याची ताकद वाढते, मुळापासून सुटका होत नाही. जीव वाचवणारं औषध एकच: अ‍ॅड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, वजनाच्या किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम; दहा किलोच्या मुलाला नेहमीच्या कुपीतला एक दशांश मिलिलिटर. परदेशात पालकांच्या पिशवीत ते तयार पेनच्या रूपात असतं. आपल्याकडं ती पेनं सहज मिळत नाहीत, पण साधी कुपी अगदी स्वस्त आहे. आणि मुळशीसारख्या तालुक्यात ती प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच, कारण सर्पदंशावरचं प्रतिविष टोचताना तीव्र प्रतिक्रिया आली तर हेच औषध लागतं. म्हणजे डॉक्टरला औषध ठाऊक आहे, हात ठाऊक आहे. उशीर होतो तो घरी. नुसत्या गांधी असतील तर वाट पाहता येते. गांधींबरोबर आवाज घोगरा झाला, सतत खोकला आला, श्वासात घरघर ऐकू आली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर आमसुलाचं पाणी करत बसू नये. मुलाला आडवं ठेवून, धाप असेल तर बसतं ठेवून, सरळ जवळचा दवाखाना गाठावा आणि 'अंगावर पित्त उठलंय' असं न सांगता, काय खाल्लं आणि किती वेळापूर्वी खाल्लं, ते सांगावं.

वेष्टनावरची अक्षरं वाचायची सवय मात्र आजपासून लावता येईल. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला वरणाच्या फोडणीतही ते बघावं लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचातले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा वेगळा इशारा छापणं बंधनकारक केलं. ही यादी जवळपास पाश्चात्त्य यादीच आहे. मुंबईच्या संशोधकांनी १९९२पासून ज्याचं नाव घेतलं, तो हरभरा तिच्यात नाही. तीळही नाहीत, मोहरीही नाही. बेसन घटकांच्या बारीक अक्षरांत सापडतं. इशाऱ्याच्या ठळक ओळीत त्याला जागा नाही. ती मिळावी, असं प्राधिकरणाला कळवण्याचं काम आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं करावं.

तोपर्यंत मुलाला हरभऱ्यानं त्रास होत असेल, तर टपरीवर 'दाणे आहेत का' एवढंच विचारून थांबू नका. डाळ्याचंही विचारा.